टाचणी गप्प बसते तेव्हा

तिला टाचणी म्हणत ते काही ती बारीक होती म्हणून नव्हे. चांगली भरल्या अंगाची होती. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात स्कर्टांच्या आणि पँटींच्या कडा टाचून तुरपायचं काम तिच्याकडे होतं, पण नाव त्यावरूनही पडलं नव्हतं. नाव पडलं जिभेवरून. एखादं माणूस दाराबाहेर पडायचा अवकाश, टाचणी जरा मान वाकडी करायची, खांदा उचलायची आणि गेलेलं माणूस पुन्हा खोलीत येऊन उभं राहायचं. तेच चालणं, तोच घोगरा आवाज, तेच नाक ओढणं. वर एकच वाक्य, नेमकं बोचेल असं. मशीनवरच्या बाया हसता हसता टीप वाकडी मारायच्या आणि मग उसवत बसायच्या.

सगळ्यांत जास्त हसायच्या तिच्या दोघी जुन्या मैत्रिणी. एक सरकार. हिशेबाने ती बटणं लावणारी, पण कोण कुठे बसणार, खिडकी उघडायची की लावायची, चहा आता की मग, हे सगळं तीच ठरवायची, म्हणून सरकार. दुसरी काजवाली, हाताने काजं करणारी, तोंडात तीळ न भिजणारी. तिघी एकाच साली कामाला लागल्या होत्या. तिघींची बाळंतपणं, नवऱ्यांची आजारपणं, सासवांची भांडणं सगळी त्या खिडकीखालच्या लांब टेबलावर बोलून झाली होती. काम हातात, गोष्ट तोंडात. आणि गोष्ट रंगायला लागली की दोघी टाचणीकडे बघायच्या, कारण शेवटचा टाका तिचा.

अशा टाचणीने नक्कल सोडली. सोडली म्हणजे काय, सोडायला घेतली.

झालं असं की एका संध्याकाळी घरी लेकीने शाळेतल्या बाईंची नक्कल केली. बाई एका पायाने अधू होत्या. लेकीने पाय ओढला, मान वाकडी केली, खांदा उचलला. घरातले हसले, टाचणीही हसली. पण लेक बाकी सगळ्यांना सोडून तिच्याकडेच बघत राहिली, शाबासकीची वाट बघत. त्या बघण्याने टाचणीचं हसू थांबलं. पाय ओढणं बाईंचं होतं. मान वाकडी करणं बाईंचं नव्हतं. ते आईचं होतं.

रोज सकाळी घर जागं होण्याआधी ती देवापुढे घटकाभर बसत असे. दुसऱ्या दिवशी तिने तिथे एवढंच मागितलं, की आजच्या दिवसापुरतं, समोर नसलेल्या माणसाबद्दल माझ्या तोंडून शब्द निघू नये. जन्मभराचं मागायची तिची छाती नव्हती. जित्याची खोड, ती स्वतःला ओळखून होती. आजचा दिवस निभावला की उद्याचा उद्या मागायचा. आणि तिने कुंपण जरा लांबवरच घातलं: वाईट नाही, तसं चांगलंही बोलायचं नाही. कारण ‘बिचारी’ म्हणून सुरुवात केली की तिसऱ्या वाक्याला बिचारी कुठल्या कुठे जाते, हा तिचा वर्षानुवर्षांचा अनुभव होता.

मैत्रिणींना मात्र तिने यातलं काही सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडायची आणि लाज वाटायची. ‘कधीपासून गं नाकाने कांदे सोलायला लागलीस?’ हे काजवालीचं वाक्य तिला न ऐकताच ऐकू यायचं. त्याहून आत एक भीती होती. आपलं हसवणं काढून घेतलं तर त्या टेबलावर आपलं काय उरतं? सरकारची हुकमत राहील, काजवालीच्या बातम्या राहतील. आपलं काय?

म्हणून तिने युक्ती काढली. गप्पा कोणाच्या पाठीमागे वळताहेत असं दिसलं की ती डबीतल्या चार टाचण्या काढून ओठांत धरायची. कडा टाचणाऱ्या बाईच्या ओठांत टाचण्या असायच्याच, त्यात कोणाला काय वावगं वाटणार? मग खाली मान घालून ती टाचत राहायची. वर बघून मैत्रिणी हसल्या तर तीही डोळ्यांनी हसायची. उगाच वेगळं दिसायला नको. वाटलं, साधलं. व्रतही राहिलं, मैत्रीही राहिली.

आता कॉलरवाली. ती नवीन होती. शाळा उघडायच्या आधी कामाचा रेटा असतो, तेव्हा मास्तरांनी तिला घेतलं. मास्तर म्हणजे कापड बेतणारे आणि बायांच्या कामावर नजर ठेवणारे. कॉलर शिवणं सोपं नाही, टोकं दोन्हीकडे सारखी यावी लागतात. हिची यायची. बोलायची कमी. डबा मशीनपाशीच खायची. आणि रोज सुटी व्हायच्या अर्धा तास आधी मास्तरांकडे नुसतं बघायची, मास्तर मान हलवायचे, की ही पिशवी उचलून चालती.

असं अर्ध्या तासाचं कोडं आणि काजवाली गप्प बसेल?

“मला सांगा, आपण इतकी वर्षं इथे सुया मोडल्या,” ती म्हणाली, “आपल्याला कधी मास्तरांनी अशी मान हलवली?”

“तुझ्याकडे बघून मान नाही, डोकं हलवतात,” सरकार म्हणाली.

“हस. पण त्या मानेत काहीतरी आहे. तोंडाने विचारायचीसुद्धा गरज नाही, नुसतं बघायचं.”

“मास्तरांच्या तोंडात दात किती राहिलेत ते मोज आधी.”

“दातांशी काय करायचंय?” काजवालीने आवाज खाली आणला. “काय गं टाचणी, तू तिच्याच रस्त्याला राहतेस ना? कुठे जाते गं ही? मास्तरांचं आणि तिचं, खरं आहे का ते?”

टाचणीने ओठांत टाचण्या धरल्याच होत्या. तिला माहीत होतं कॉलरवाली कुठे जाते ते. टाचणीच्या घरापासून चार दारं सोडून एक केंद्र होतं. वयाने मोठी झालेली पण बुद्धीने लहान राहिलेली माणसं तिथे दिवसभर असत. कारखाना सुटायच्या वेळी तिथलं फाटक बंद होई. कॉलरवालीचा भाऊ तिथे होता. मागे एकदा बरं नव्हतं म्हणून टाचणी लवकर घरी गेली, तेव्हा हात धरून त्याला नेताना तिने कॉलरवालीला पाहिलं होतं. चांगला उंच, कानांवर केस पांढरे झालेला माणूस, आणि बहिणीचं बोट सोडायला तयार नाही.

हे सांगायला किती शब्द लागतात? पण कॉलरवाली समोर नव्हती. समोर नसलेल्या माणसाबद्दल चांगलं नाही, वाईट नाही. सकाळीच देवाला सांगून झालं होतं. टाचणीने मान खाली घातली आणि कडा दुमडली.

“बघ,” काजवाली म्हणाली. “टाचणी गप्प.”

“टाचणी गप्प म्हणजे मग आहेच काहीतरी,” सरकार म्हणाली. “नसतं तर बोलली असती.”

दोघी हसल्या. आणि टाचणी, काम चालू ठेवून, टाचण्या ओठांत घट्ट धरून, डोळ्यांनी हसली.

तिला तेव्हाच आठवायला हवं होतं. पूर्वी नक्कल करताना शेवटचं बोचरं वाक्य टाकायच्या आधी ती अशीच घटकाभर गप्प व्हायची. ते गप्प होणं या टेबलावर सगळ्यांना पाठ होतं. इतर चारचौघींत न बोललेलं म्हणजे काही नाही. या तिघींत टाचणीचं न बोललेलं म्हणजे बोलण्यापलीकडचं काहीतरी.

काजवालीने ते इस्त्रीवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याने माल नेणाऱ्याला, आणि आठवड्याच्या आत मालकीणबाई वरच्या मजल्यावरून जिना उतरून खाली आल्या. एरवी त्या खाली येत नसत. त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाल्या, की आजपासून सुटीच्या आधी कोणी जाणार नाही, मास्तरांनी परवानगी दिली तरी नाही, आणि ज्यांना जमणार नाही त्यांनी दुसरीकडे बघावं. मास्तर खडू हातात घेऊन कापडाकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. त्या वयाच्या माणसाचे कान लाल झालेले टाचणीने कधी पाहिले नव्हते.

कॉलरवाली मशीन चालवत राहिली. त्या दिवशी तिच्या कॉलरांची टोकं सारखी येईनात.

सुटी झाली तशी ती पळतच बाहेर पडली. टाचणी मागून आपल्या चालीने निघाली. केंद्रापाशी आली तेव्हा फाटक बंद होतं. बाहेरच्या पायरीवर तो बसला होता. उजवा हात छातीशी घट्ट दुमडलेला, चेहरा रडून ओला, आणि नाकाने एक बारीक सूर. शेजारी रखवालदारीण उभी होती, तिची ड्युटी संपली होती आणि तिला घरी जायचं होतं. कॉलरवाली त्याच्या पुढ्यात बसून त्याच्या चपलेचा पट्टा लावत होती. तिच्या हातांना तो लागत नव्हता.

टाचणीने वाकून लावून दिला.

कॉलरवालीने वर पाहिलं. “ताई, तुम्ही,” ती म्हणाली. मग बराच वेळ भावाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. “मला माहीत आहे माझ्याबद्दल काय बोलतात ते. मास्तरांसारख्या देवमाणसाला पण सोडलं नाही. पण त्या टेबलावर तुम्ही एकट्या आहात ज्या काही बोलला नाहीत. मी बघते ना, त्या बोलतात आणि तुम्ही खाली मान घालून काम करता. तेवढाच आधार वाटतो बघा.”

टाचणीला वाटलं, हिने त्यापेक्षा दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. ती ‘हं’ म्हणाली. आभार घेऊन घरी आली.

सकाळी ती देवापुढे बसली, पण रोजचं मागणं तोंडातून निघेना. कुंपण घातलं होतं शेत राखायला. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि ती रोज सकाळी त्या कुंपणाला हात जोडत होती.

कारखाना उघडताच ती टेबलापाशी न जाता जिना चढून वर गेली. मालकीणबाई नमुन्याच्या शर्टांना चिठ्ठ्या लावत होत्या. टाचणीने भावाचं, केंद्राचं, फाटकाच्या वेळेचं सगळं सांगितलं. मास्तरांना हे ठाऊक असणार, म्हणूनच ते सोडत होते, हेही सांगितलं.

बाईंनी चिठ्ठी खाली ठेवली. “पण मला तर सांगितलं की टाचणीला माहीत आहे. टाचणी त्याच रस्त्याला राहते, तिला विचारा.”

“मी काही बोलले नव्हते बाई.”

“तेच सांगितलं मला. विचारलं तर बोलली नाही, नुसती हसली, असं.” बाई तिच्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. कापडात दोष आहे की उजेडामुळे तसं दिसतंय, हे बघतात तसं. “माहीत होतं तर बोलायचं होतं.”

“हो,” टाचणी म्हणाली.

जेवणाच्या सुटीत ती टेबलावर बसली, डबा उघडला नाही.

“मला एक सांगायचंय.”

“सांग की,” सरकार म्हणाली. “आज तोंडात टाचण्या नाहीत, म्हणजे मोठंच दिसतंय.”

तिने सांगितलं. काजवालीचा घास हातात राहिला.

“अगं, मग त्या दिवशी का नाही बोललीस? मी सरळ विचारलं होतं तुला.”

“मी सोडलंय. कोणाच्या पाठीमागे बोलायचं. बरेच दिवस झाले. चांगलं पण नाही, वाईट पण नाही, असं ठरवलं होतं.”

“तू?” काजवालीला हसू आलं. “मांजराने दूध सोडलं. कोणाला दाखवायला गं?”

“कोणाला नाही. म्हणून तर सांगितलं नव्हतं.”

सरकार हसली नव्हती. तिने डब्याचं झाकण लावलं, मग उगाच पुन्हा उघडलं. “म्हणजे इतके दिवस आम्ही दोघी बडबडत होतो आणि तू आमच्यात बसून सोवळ्यात होतीस.”

“तसं नाही गं.”

“मग कसं? हसत होतीस ना? बोलणं चालत नाही, हसणं चालतं वाटतं तुझ्या देवाला.”

हे तिला स्वतःला सुचलं नव्हतं असं नाही. पण दुसऱ्याच्या तोंडून, तेही सरकारच्या, ते उघड्यावर आल्यासारखं झालं.

“चालत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही मला वेगळी समजाल म्हणून हसले.”

“वेगळी तर झालीसच. आम्हाला सांगितलं असतंस तर दोन दिवस चिडवलं असतं, तिसऱ्या दिवशी विसरलो असतो. आता काय वाटतं सांगू? की मी बोलायची आणि तू आतल्या आत मला नापास करायचीस.”

“नव्हते करत.”

“ते तू सांगतेस. पण तू गप्प असलीस की काय समजायचं, ते आता मला कळेनासं झालंय.” सरकारने डबा उचलला आणि ती बटणं ठेवायच्या खोलीकडे गेली. काजवाली थोडा वेळ बसली, टाचणीच्या न उघडलेल्या डब्याकडे बघत. मग तीही उठली.

संध्याकाळी बाईंनी कॉलरवालीला वर बोलावलं. जेवणाची सुटी अर्धा तास कमी घे आणि तेवढी आधी जा, असं ठरलं. टाचणी जिन्याखाली उभी राहिली. तिला वाटलं होतं, कॉलरवाली हसत उतरेल.

“भावाचं तुम्ही सांगितलंत, ताई?”

“हो. आणि आणखी एक आहे. त्या दिवशी मी गप्प बसले ते तुझ्या बाजूने नव्हतं. माझ्या गप्प बसण्यानेच पुढचं सगळं झालं. आणि मी हसलेही होते.”

कॉलरवालीने ते ऐकून घेतलं. तिचा चेहरा फारसा बदलला नाही, फक्त ‘ताई’ म्हणताना यायचं ते मऊपण गेलं.

“आधीच्या कामावर मी सांगितलं होतं त्याचं,” ती म्हणाली. “पहिल्या आठवड्यातच लोक त्याच्यासारखे हात करून दाखवायला लागले. मी आत आले की गप्प, गेले की हसणं. म्हणून इथे नव्हतं सांगितलं. मास्तरांना सांगितलं, त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. माझ्याबद्दल काय बोलायचं ते बोलोत, असं म्हटलं होतं मी. त्याच्यापर्यंत नको जायला.”

“इथे कोणी करणार नाही तसं.”

“तुम्ही कसं सांगता?” कॉलरवाली म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. उत्तराची वाट न बघता ती गेली, कारण फाटक बंद व्हायची वेळ झाली होती.

आधी बोलली नाही म्हणून एक बिघडलं, आणि बोलली म्हणून दुसरं. टाचणी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. आपली जीभ चालली तरी कोणालातरी लागते आणि थांबली तरी लागते, असं का? मग तिचं तिलाच उत्तर मिळालं. बोलताना काय आणि न बोलताना काय, तिने पाहिलं होतं ते स्वतःकडेच.

पुढचे काही दिवस टेबलावर कामाचंच बोलणं झालं. रीळ दे, कात्री दे, खिडकी लाव. सरकार तिच्याशी इतक्या नीट बोलायची की रडू यावं.

मग एका शनिवारी केंद्राला सुटी होती. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, म्हणून मास्तरांनीच कॉलरवालीला सांगितलं, घेऊन ये त्याला. तो दिवसभर मशीनपाशी स्टुलावर बसला. मास्तरांनी त्याला रंगीत चिंध्यांचं गाठोडं दिलं, ते तो उलगडायचा आणि पुन्हा बांधायचा. कोणी जवळ आलं की हात छातीशी जायचा. संध्याकाळी बहीण त्याला घेऊन निघाली. दार लागलं.

खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. ती शांतता टाचणीच्या ओळखीची होती. इतकी वर्षं अशा शांततेत तिचीच मान वाकडी झाली होती.

यावेळी काजवालीने हात दुमडून छातीशी नेला. नाकातून बारीक सूर काढला. पण तिचे डोळे टाचणीकडे होते, आणि त्यात दुष्टपणा नव्हता. होतं ते उलट. चल गं, असं होतं. झालं गेलं सोड, ये परत.

“तुझ्यासारखं नाही जमत मला,” काजवाली म्हणाली. “बरोबर का हे?”

“मनगट चुकलं,” टाचणी म्हणाली. “ते आत वळतं.”

बोलून गेली आणि मग तिला आपला आवाज ऐकू आला. मांडीवरचा तिचा उजवा हात स्कर्टाच्या कडेखाली वळला होता. बरोबर वळला होता, अगदी त्याच्यासारखा. काजवाली खुशीत आली. सरकारने बटणातून सुई ओढायची थांबवली आणि वर पाहिलं.

टाचणीने तो हात वर काढून टेबलावर ठेवला, दोघींना दिसेल असा, वळलेलाच.

“मला येतं त्याचं,” ती म्हणाली. “तुझ्यापेक्षा चांगलं येतं. तो फाटकाबाहेर रडत बसला होता, मी त्याच्या चपलेचा पट्टा लावत होते, तेव्हाच आलं. वाकलेली असताना. तेव्हा मला त्याची दया येत होती गं, खोटं नाही सांगत, आणि हा हात आपला ते उचलून घेत होता.”

काजवालीचा हात हळूच खाली आला. ती आपल्या मनगटाकडे बघत राहिली, दुसऱ्याचं असल्यासारखं.

“मी तुम्हाला नापास करत नव्हते,” टाचणी सरकारला म्हणाली. “मला माझ्याच हाताची भीती वाटते. म्हणून म्हणते, नको. मी पण करणार नाही आणि माझ्यापुढे तुम्ही पण करू नका. चिडवायचं असेल तर मला चिडवा.”

मशीनवरच्या दोघीतिघी मागे वळून बघत होत्या. टाचणीला वाटलं, उठावं आणि चिंध्यांच्या पोत्यात शिरून बसावं. ती उठली नाही. हात तिने सरळ केला आणि लगेच कापड धरलं.

सरकारने सुई ओढून घेतली, दोऱ्याला गाठ मारली, दाताने तोडला. “चिडवू,” ती म्हणाली. “सोमवारी.”

मग तिघींनी खाली माना घातल्या. राहिलेलं काम बरंच होतं. उजेड कमी झाला होता, तरी दिवा लावायला कोणी उठलं नाही, कारण दिवा लावला असता तर एकमेकींची तोंडं दिसली असती.